उंबराला चीक घालणारी ठकूआय

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते म्हसमाळावर कुणालाच सांगता येत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याला बाकीचे हसतात. तेव्हा माळावर जायला गाडीवाट नव्हती. कारवीच्या रानातून, दगडांना हात लावत वर चढायचं आणि वर पोचलं की गवत, वारा, म्हशी आणि गवळी धनगरांची मूठभर घरं. सगळ्यांचं पोट दुधावर. ज्याच्या गोठ्यात म्हैस व्यायची त्याच्या घरी खरवस शिजायचा आणि त्या दिवशी अख्ख्या वाडीतली पोरं त्याच घराशी घुटमळायची.

त्या वाडीत ठकूआय नावाची सुईण होती. तिच्या तळहाताला डोळे होते, असं म्हणतात. पोटावरून नुसता हात फिरवला की मूल कसं बसलंय, कुठे अडलंय, ते तिला दिसायचं. आडवं आलेलं मूल तिचा आवाज ऐकून आपणहून सरळ व्हायचं, असंही म्हणतात. आता पोटातलं मूल सुईणीचं ऐकतं का, हे मला विचारू नका. माळावर विचारा, म्हणजे ते उलट तुम्हालाच विचारतील, की मग सरळ झालं कसं. आजूबाजूच्या डोंगरवाड्यांतून तिला बोलावणी यायची आणि ती भर पावसातही घोंगडी पांघरून निघायची. तिच्या हातून एकही बाळंतीण गेली नाही. म्हणून तिचा शब्द खाली पडत नसे, पाटलाचा पडला तरी.

आता एक रीत सांगतो, ती नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. म्हैस व्यायली की तिचं पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक, आधी रेडकाला. रेडकू पोटभर प्यायलं की उरेल त्याचा खरवस. कुणी घाई करून आधी धार काढलीच, तर घरातली म्हातारी माणसं त्याला फाडून खायची. चीक न मिळालेलं रेडकू पायावर उभं राहत नाही, हे माळावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बाई बाळंत झाली की रीत उलटी. बाईचा चीक म्हणजे सटवाईचा वाटा. तो पिळून करवंटीत काढायचा आणि माळाच्या कडेला सटवाईचा उंबर होता, त्याच्या बुडाशी नेऊन ओतायचा. बाळ आईपासून वेगळं, सुपात निजवायचं. पांढरं दूध उतरेपर्यंत शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून ती त्याच्या ओठांना लावायची. सटवाईचा वाटा बाळानं खाल्ला तर पाचवीला ती त्याच्या कपाळावर लिहायला येते आणि न लिहिता त्यालाच उचलून नेते, अशी भीती होती.

रीत कुणी घातली, कुणास ठाऊक. गोठ्यात एक न्याय आणि घरात दुसरा, आणि मध्ये एक कुडाची भिंत. पण त्या भिंतीपलीकडचं शहाणपण अलीकडे आणावं, असं कुणाच्या मनात आलं नाही. किंवा ज्यांच्या मनात आलं, त्यांना कुणी विचारलं नाही.

बरीचशी बाळं जगायची. काही पाचवीच्या आधीच जायची, थंडीच्या दिवसांत जास्त. सटवाईनं नेलं, म्हणायचे लोक. ठकूआयही तेच म्हणायची. आईच्या डोक्यावर हात ठेवून ती सांगायची की तेवढंच लिहिलं होतं, आणि आई पदरात तोंड घालून गप्प व्हायची. ठकूआयनं सांगितल्यावर वर बोलणार कोण?

ठकूआयला एकुलती एक मुलगी होती, चिमा. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला हेदाची वाडी आहे, तिथे दिलेली. चिमाचं लहानपण गोठ्यातच गेलं होतं. रेडकं तिच्या मागे मागे फिरायची आणि ती त्यांच्या कानात काहीबाही बोलत बसायची. लग्नानंतर पहिल्या बाळंतपणाला ती रीतीप्रमाणे माहेरी आली. पौषाचा महिना होता. गवतावर पहाटे पांढरा थर धरायचा आणि म्हशींच्या नाकातून धूर निघायचा.

म्हशी चरायला सोडायच्या वेळेला चिमा सुटली. मुलगा झाला. ठकूआयनं आपल्या हातानं नाळ कापली, नातवाला पुसलं, फडक्यात गुंडाळून सुपात ठेवलं. वाडीतल्या बायका दारात जमल्या होत्या. आजीच्या हातावर जन्मलेला नातू, सुपात कसा राजासारखा पडलाय, असं त्या म्हणत होत्या. ठकूआय वरून गंभीर होती, पण आतून फुगली होती. आजी झाल्यावर कोण फुगत नाही?

चिमा मात्र सुपाकडे बघत होती. बाळ मान वळवून वळवून तोंड उघडत होतं.

"आये, ते हुडकतंय," ती म्हणाली. "माज्यापाशी दे."

पहिलटकरणीला असं वाटतंच, म्हणून ठकूआयनं तिची समजूत घातली आणि वात दुधात बुडवली. बाळानं वात चोखली, रडलं, पुन्हा मान वळवली. दुपारपर्यंत चिमाचा ऊर भरून आला, चोळी भिजली. ठकूआय करवंटी घेऊन बसली आणि पिळून काढू लागली. चिमा रडत नव्हती. ती विचारत होती, आणि ते ठकूआयला जास्त जड गेलं.

"रेडकाला कोन न्हाई म्हनत न्हाई. मग ह्यालाच का?"

म्हशीचं निराळं आणि माणसाचं निराळं, असं ठकूआय म्हणाली. पण म्हणताना तिनं मान खाली घातली, कारण तिच्या पोटात एक जुनी गोष्ट होती, जी तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. चिमा जन्मली तेव्हा ठकूआयची सासू घरची सुईण होती. सासू पाण्याला गेली आणि ठकूआयनं, तेव्हाच्या कोवळ्या ठकीनं, सुपातून मुलीला उचललं आणि छातीशी लावलं. कुणी सांगितलं नव्हतं. हातच पुढे गेले होते. सासू पाणी घेऊन आली तेव्हा मूल सुपात होतं आणि गाढ झोपलं होतं. चिमा वाढली, खेळली, हसली. पण ठकूआयला तेव्हापासून सटवाईचं भय बसलं. आपण देवीच्या वाट्याची चोरी केली, कधीतरी ती वसूल करणार, असं तिला वाटायचं. म्हणूनच पुढे सुईण झाल्यावर ती दुसऱ्या कुणापेक्षा कडक झाली. करवंटीतला एक थेंबही ती वाया जाऊ द्यायची नाही, सगळा उंबराला. ज्या गोष्टीनं तिची मुलगी जगली, त्याच गोष्टीची ती जन्मभर भरपाई करत होती. वेडेपणा म्हणा, पण भ्यालेल्या माणसाचा हिशेब असाच असतो.

आता तर नातू होता. चोरीची वसुली करायला सटवाईला याच्याहून चांगली संधी ती कोणती? ठकूआयनं मनाशी ठरवलं, की ह्या बाळाच्या बाबतीत रीत तसूभरही हलू द्यायची नाही.

ऊन उतरलं तसं बाळाचं रडणं बारीक झालं. बायकांना वाटलं, निवलं. चिमाला तसं वाटलं नाही. तिचं अंग दुखत होतं, तरी ती सरपटत सुपापर्यंत गेली, बाळाला उचललं, चोळी वर केली आणि त्याला छातीशी धरलं. त्याचे ओठ लागणार, एवढ्यात ठकूआय आली. तिनं बाळ चिमाच्या हातातून काढून घेतलं आणि परत सुपात ठेवलं.

"आये, ते गार पडतंय," चिमा म्हणाली. "मला कळतंय. तुला न्हाई कळत."

त्या एवढ्या मोठ्या सुईणीला, जिच्या तळहाताला डोळे होते, तिला त्या दिवशी खरोखरच कळलं नाही. तिनं आणखी एक फडकं बाळावर घातलं, शेगडी जवळ सरकवली आणि वात पुन्हा दुधात बुडवली.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली, तेव्हा बाळाला ऊन दाखवायला म्हणून सूप बाहेर आणलं. ऊन चांगलं तापलं, पण बाळ तापलं नाही.

माळाच्या उताराला त्याला पुरलं. बायका म्हणाल्या, सटवाईनं नेलं. पुरुष म्हणाले, थंडीच तशी. ठकूआय घरी आली तर चिमा भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिची चोळी पुन्हा भिजली होती. मूल गेलं हे मनाला कळतं, उराला कळत नाही. ठकूआयनं करवंटी घेतली, नेहमीसारखी पिळून भरली आणि उंबराकडे चालू लागली.

पुढचं म्हसमाळावर आजही आवाज खाली आणून सांगतात. ठकूआयनं चीक उंबराच्या बुडाशी ओतला आणि मातीनं तो घेतला नाही. दगडावर ओतावा तसा तो वरच राहिला. तिनं काठीनं माती उकरली, तरी तो मुरेना. मग उकरलेल्या जागेतूनच पिवळं दूध वर येऊ लागलं, असं म्हणतात. आधी झिरपलं, मग वाहू लागलं. तिनं आणि तिच्या सासूनं आणि सासूच्या सासूनं जेवढं ओतलं होतं, तेवढं सगळं मुळांतून वर आलं. माळाच्या उतारावरून त्याचा ओघळ गेला आणि चरून परतणाऱ्या म्हशी त्याच्या अलीकडे थांबल्या. हाकलल्या तरी एकीनंही तो ओलांडला नाही. ठकूआय तिथे मांडी घालून बसली. सटवाईनं इतकी वर्षं त्यातला एक घोटही घेतला नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं. ज्यांचा वाटा होता ती उपाशी गेली होती.

घरी येऊन तिनं चिमाला सगळं सांगितलं. ती पाण्याला गेलेली सासू, ते उचलणं, ते छातीशी धरणं, सगळं. चिमानं ऐकून घेतलं. मग ती भिंतीकडून वळली.

"मला पाजलंस," ती म्हणाली. "मग माज्या लेकराला का न्हाई पाजू दिलंस?"

"भ्याले," ठकूआय म्हणाली.

अंगात चालायचं बळ आल्यावर चिमा सासरी निघून गेली. बांधापर्यंत ठकूआय तिच्या मागे गेली. चिमानं मागे वळून पाहिलं नाही, आणि तिला वळून बघ असं म्हणायची ठकूआयची छाती झाली नाही.

मग ठकूआयनं जे केलं, त्यासाठीच तिचं नाव राहिलं. नुसत्या हुशारीनं नाव राहत नाही, हुशार सुईणी पुष्कळ झाल्या. ती दारोदार फिरली. ज्या ज्या घरातलं मूल पाचवीच्या आधी गेलं होतं, त्या त्या घरी ती गेली, अंगणात उभी राहिली आणि त्या बाईला म्हणाली की तुझं मूल सटवाईनं नेलं नाही, माझ्या रीतीनं गेलं. काहींनी तिला शिव्या घातल्या. एका म्हातारीनं तिच्या अंगावर शेणाचं पाणी फेकलं, आणि ठकूआय ते न पुसता उभी राहिली. मग ती प्रत्येकीला एकच गोष्ट विचारायची. त्या दिवशी तुला काय वाटलं होतं?

आणि बायका बोलायला लागल्या. जन्मभर तोंड न उघडलेल्या बायका. कोंडाबाई म्हणाली की मला बाळाला कुशीत घ्यायचं होतं, पण लाज वाटली. राही म्हणाली की माझी मुलगी रडत होती ते भुकेचं रडणं नव्हतं, काहीतरी वेगळं होतं, आणि हे मी सासूला सांगितलं तर तिनं विचारलं की तू किती पोरं वाढवलीस. एकीनं तर रात्रभर सुपातल्या बाळाचं नुसतं बोट धरून ठेवलं होतं, कारण तेवढंच कुणाला दिसणार नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं की असलं खुळं आपल्याच मनात आलं. शेजारच्या घरातही तेच आलं होतं, ही गोष्ट त्यांना ठकूआयच्या तोंडून कळली. त्या दिवसांत वाडीत चुली उशिरा पेटायच्या, असं म्हणतात.

त्यानंतर ठकूआय पुन्हा बाळंतपणं करू लागली, पण वेगळ्या रीतीनं. पोट दिसायला लागलेल्या बाईच्या घरी ती गेली की हात नंतर लावायची, आधी विचारायची, की तुला काय वाटतं? पोर म्हणाली की आज हालचाल कमी आहे, तर ठकूआय तिथेच मुक्काम ठोकायची. मूल झालं की सूप बाहेर फेकायची, बाळ आईच्या छातीवर ठेवायची आणि सगळ्या म्हाताऱ्यांना घेऊन दाराबाहेर बसायची, दाराकडे पाठ करून. म्हाताऱ्या कुरकुरायच्या. आतून आई म्हणाली की बाळ बरं नाही, तर ठकूआय कारण विचारत बसायची नाही. झोळी बांधायची आणि खालच्या वैद्याकडे उतरायची. वैद्य कधी म्हणायचा, काही झालेलं नाही. मग ती आनंदानं परत चढायची. त्या वर्षांत म्हसमाळावर पाळणे कमी पडले, असं म्हणतात.

पण स्वतःच्या मुलीच्या दारात ती गेली नव्हती. निरोप पाठवायची, तूप पाठवायची. तूप ठेवून घेतलं जायचं, उलट निरोप यायचा नाही.

मग एकदा कळलं की चिमाला पुन्हा दिवस गेलेत, भरत आलेत. ह्या वेळी ती माहेरी येणार नव्हती. ठकूआयनं डिंकाचे लाडू केले, फडक्यात बांधले आणि डोंगर ओलांडून हेदाच्या वाडीला पोचली. अंगणात पाय ठेवते तोच आतून चिमाच्या कळांचा आवाज आला. चिमाची सासू धावत बाहेर आली, ठकूआयला बघून तिच्या जिवात जीव आला. तिनं हात धरून आत ओढलं, पण ठकूआय हलली नाही.

"तिनं हाक मारली तर येईन," ती म्हणाली.

आणि ती दाराकडे पाठ करून बसली. गाठोडं मांडीवर. सासू आतबाहेर करत राहिली. आत अडलं तर काय करायचं ते ती विचारायची आणि ठकूआय बाहेरून सांगायची, पण शेवटी प्रत्येक वेळी म्हणायची की आधी चिमीला विचारा, ती काय म्हणते. ऊन कलायला लागलं तेव्हा बाळाचा आवाज आला. ठकूआयचे दोन्ही हात मांडीवरून उठले आणि पुन्हा खाली गेले. बाळ थोडा वेळ रडलं आणि एकदम थांबलं. कुठलं थांबणं ते ठकूआयला पाठीमागूनही कळलं. ते प्यायला लागल्याचं थांबणं होतं.

ती हाकेची वाट बघत बसली. सावल्या लांबल्या. हेदाच्या वाडीतल्या म्हशी घरी आल्या, धारा काढून झाल्या. शेवटी तिनं सासूला आत पाठवलं. सासू बाहेर आली आणि म्हणाली की मुलगी झालीय, पाजतेय, आणि पाजता पाजताच चिमाचा डोळा लागलाय, उठवू का?

"नको," ठकूआय म्हणाली. "झोपू द्या. बाळंतिणीला उठवू नये."

गाठोडं उंबऱ्यावर ठेवून ती उठली. सासूनं राहायचा आग्रह केला, पण ती थांबली नाही. झोपायच्या आधी चिमानं हाक मारली नाही, म्हणजे मारायची नव्हती, असं ती समजली असेल. काय समजली, ते तिचं तिलाच ठाऊक. डोंगराच्या वाटेला लागताना सासूनं तिला शेवटचं पाहिलं.

ती घरी पोचली नाही. लोकांनी दरी पाहिली, झरे पाहिले, रान पालथं घातलं. उंबराशी फक्त तिची काठी सापडली. उंबरानंच तिला पोटात घेतलं, असं म्हणतात. त्या झाडाच्या बुंध्याला हेदाच्या वाडीच्या अंगाला एक फुगवटा आहे, तो तेव्हापासूनचा. पाठ करून बसलेली बाई वाटते.

आणि चिमा जागी झाली तेव्हा काय झालं, तेही सांगायला हवं. तिनं डोळे उघडले, मुलीचं तोंड पाहिलं आणि पहिला शब्द काढला तो "आये, आत ये." सासूनं सांगितलं की आई गेली. चिमा पुढे म्हातारी झाली, तिला नातवंडं झाली, पण मरेपर्यंत ती भेटेल त्याला एकच गोष्ट सांगायची, विचारलं नसलं तरी.

"म्या हाक मारनारच हुते. पाजता पाजता डोळा लागला."

तीच चिमा मग म्हसमाळाला आणि हेदाच्या वाडीला रीत लावून गेली, ती आजही चालते. बाळ झालं की ते आईजवळ द्यायचं आणि बाकीच्यांनी बाहेर यायचं. घरातली सगळ्यांत वडील बाई दाराकडे पाठ करून बसते. आई काय म्हणेल ते करायचं, ती काही म्हणाली नाही तर गप्प बसायचं. आता बाळंतपणं खाली तालुक्याच्या दवाखान्यात होतात, आणि तिथेही माळावरच्या आज्या व्हरांड्यात भिंतीला तोंड करून बसतात. नव्या नर्सबाईला वाटतं, भांडण झालं असेल. जुन्या नर्सबाई हसत नाहीत, त्या वाट सोडून जातात.

मग बाळ पोटभर प्यालं की आई आतून हाक मारते, "ठकूआय, आत ये." आणि ती बाहेरची म्हातारी, नाव काहीही असो, उठते आणि "आले गं पोरी" म्हणत आत जाते. आई कितीही दमलेली असो, टाके पडलेले असोत, आवाज फुटत नसो, ती हाक मारल्याशिवाय त्या दोन वाड्यांतली एकही बाळंतीण डोळा मिटत नाही.